पहिली भाकरी विकायची नाही

सुरतेत नवागामच्या चाळीत मी नवी नवरी म्हणून आले, तेव्हा सुरुवातीला मला वाटायचं की इथली माणसं सारखी भांडतच असतात. शेजाऱ्याकडे काडेपेटी मागायची तरी ओरडून आणि पोराला जेवायला बोलवायचं तरी ओरडून. आमचे हेसुद्धा मला नुसतं "चहा ठेव" म्हणाले तरी ते चाळीच्या टोकाला ऐकू जायचं. लग्नाला महिनाही झाला नव्हता. माझं काही चुकतंय की काय, या धास्तीत मी निम्मा दिवस काढायची.

शेजारच्या खोलीतल्या मावशींनी मला एकदा डोळे पुसताना पाहिलं आणि विचारलं, "काय करायलीस गं? रडायलीस व्हय?" मी कारण सांगितल्यावर त्या खो खो हसल्या. "अगं माय, भांडत न्हाईत ही माणसं. लूमवर काम करत्यात. बारा-बारा तास त्या खडखडाटात उभं ऱ्हायचं, मंग हळू बोलणं कुठून येणार? त्यांना सोताचाच आवाज ऐकू येत न्हाई."

मावशी परभणीकडच्या. नवरा वारल्यावर गावच्या माणसांसोबत बांधकामावर आल्या आणि इथेच राहिल्या. पन्नाशीच्या असतील. डोक्यावरून विटा वाहून मान कायम ताठ झालेली. नात्यानं त्या चाळीत कुणाच्याच कुणी नव्हत्या, म्हणून सगळ्यांच्याच मावशी होत्या.

आम्ही शिरपूरकडचे. घरात अहिराणी, चाळीत मराठी, दुकानात गुजराती, आणि रस्त्यावर हिंदी. हे जवळच्या उधन्यातल्या एका कापड कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. पगार यायचा, महिना संपायच्या आत संपायचा, आणि पुन्हा यायचा. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. आमच्यासारख्या हजारो खोल्या असंच जगत होत्या, त्यामुळे त्यात काही वेगळं आहे असं मला तेव्हा वाटलंही नाही.

आमच्या समोरच्या खोलीत आमच्याच भागातली एकटी माणसं राहायची. निम्मी दिवसा कामावर, निम्मी रात्री, त्यामुळे ती खोली कधी रिकामी नसायची. ते डाळ शिजवायचे, वांग्याची भाजीही बरी करायचे. पण भाकरी काही त्यांना जमेना. पावासोबत वांग्याची भाजी खाणारी खान्देशी माणसं मी पहिल्यांदा तिथे पाहिली. एकदा त्यांच्यातले वयानं मोठे असलेले काका पिठाची पिशवी घेऊन दारात उभे राहिले. "वहिनी, पीठ आमनं, मजुरी तुमनी. भाकरी करी देशात का?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "जमत असेल तर कर. पण एकदा हो म्हटलंस की रोजचं झालं. भुकेल्या माणसाला 'आज नाही' असं सांगता येत नाही."

मी हो म्हटलं. त्या वाक्याचं वजन मला नंतर कळलं.

लूमची पाळी सकाळी सातला बदलायची आणि संध्याकाळी सातला. म्हणजे सातच्या आत भाकऱ्या तयार हव्यात, कामावर जाणाऱ्यांसाठीही आणि कामावरून येणाऱ्यांसाठीही. माझ्याकडे लाकडाच्या भुश्याची शेगडी होती. ती आदल्या संध्याकाळी ठासून भरून ठेवावी लागायची, नाहीतर सकाळी धूर आणि डोळ्यांत पाणी. पीठ आधीच चाळायचं, काठवट उपडी ठेवायची, पाणी भरून ठेवायचं. सुरुवातीला ही सगळी कामं मला आठवून आठवून करावी लागत. अंग दुखायचं, कंटाळा यायचा. माहेरी मी उशिरापर्यंत झोपणारी मुलगी होते, आई मला पाणी मारून उठवायची. पण काही महिन्यांनी एक गंमत झाली. शेगडी भरायची आठवण मला ठेवावी लागेनाशी झाली, कारण हातच जाऊन ती भरू लागले. सकाळी जाग आपोआप येऊ लागली. जी गोष्ट पहिल्यांदा डोंगराएवढी वाटत होती ती दात घासण्याएवढी झाली. तेव्हा मला पहिल्यांदा स्वतःचा अभिमान वाटला. कुणी शाबासकी दिली नव्हती, तरी वाटला.

माहेरी पहिली भाकरी गायीची असायची. सुरतेत गायी होत्या, पण त्या उकिरड्यावर कागद खात उभ्या असायच्या आणि मी भाकरी घेऊन जाईपर्यंत कुठेतरी निघून गेलेल्या असायच्या. मग मी ठरवलं की पहिली भाकरी माणसाला द्यायची. मावशी भल्या पहाटे कामावर निघायच्या, नुसता काळा चहा पिऊन. मी गरम भाकरीवर तेल-चटणी घालून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात मागे घेतला.

"फुकटचं नगं माय. मी हातपाय चालतेत तवर कुणाचं फुकट खाल्लं न्हाई."

"मावशी, ही विकायची नाहीच. पहिली भाकरी विकायची नाही असं मी ठरवलंय. तुम्ही नाही घेतलीत तर दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल, आणि एवढ्या सकाळी मी कुणाला शोधत फिरू?"

त्यांनी हात पुढे केला. मग पदरात भाकरी बांधून म्हणाल्या, "बरं. तुझं काम हलकं व्हावं म्हणून घेते." नंतर मला कळलं, कामावर त्यातली अर्धी त्या दुसऱ्या एका बाईला द्यायच्या, जिचं पोर अंगावर पीत होतं.

वेळेवर उठणं आणि पहिली भाकरी देणं या दोन सवयींनंतर तिसरी लागली ती माझ्या वडिलांची. गावाकडे धान्य घरात आलं की वडील सगळ्यात आधी बियाणं बाजूला काढायचे. चांगली टपोरी कणसं निवडून वर टांगायचे. घरात कितीही ओढ असली तरी त्याला हात लावायचा नाही. "बियाणं खाल्लं तर पेरशीन काय?" असं म्हणायचे. भाकरीचे पैसे हातात येऊ लागल्यावर ते वाक्य माझ्या डोक्यात घुमायला लागलं. मी दर दिवसाच्या कमाईतून थोडे पैसे आधीच बाजूला काढायला लागले. उरले तर ठेवायचे असं नाही. आधी काढायचे आणि मग घर चालवायचं. शनिवारी ते पैसे मी पोस्टात नेऊन भरायची. त्याला मी बियाणंच म्हणायची. हे हसायचे. "तुझं शेत कुठे आहे?" म्हणायचे.

"दिसेल," मी म्हणायची. मलाही माहीत नव्हतं कुठे आहे ते.

समोरच्या खोलीनंतर बाजूच्या गल्लीतल्या खोल्या आल्या. भाकरी गरम मिळते आणि वेळेवर मिळते, एवढं लोकांना पुरलं. चव तर बऱ्याच बायकांच्या हाताला असते. सात वाजताची भाकरी रोज सातच्या आतच देणं कमी जणींना जमतं. पोटुशी होते तेव्हाही मी शेवटपर्यंत काठवटीसमोर बसले. मुलगी झाली तेव्हा मावशींनी कामावरून रजा घेतली आणि शेगडी ताब्यात घेतली. ह्यांची दिवसपाळी असो की रातपाळी, कामावर निघायच्या आधी हात धुऊन मावशींच्या शेजारी बसायचे आणि भाकरी थापायचे. मी बाजेवर पडून बघायची. ह्यांची पहिली भाकरी जळगाव जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली होती. मावशी ती हातात धरून म्हणाल्या, "पोटात गेल्यावर गोलच व्हते." गिऱ्हाइकांनी महिनाभर तसल्या भाकऱ्या मुकाट्यानं खाल्ल्या, पण एक दिवसही खंड पडला नाही.

मुलगी वर्षाची होऊन बोलायला लागली. एका रविवारी हे उंबऱ्यात बसून चहा पीत होते, तोंड गल्लीकडे. मागे मुलगी भिंतीला धरून उभी होती. ती "पप्पा" म्हणाली. स्पष्ट. मी पीठ मळता मळता थांबले, कारण मला वाटलं आता हे वळून बघतील आणि तिला उचलतील. हे वळले नाहीत. ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. हे गल्लीतल्या पोरांचा खेळ बघत राहिले. मग ती बसली, रांगत गेली आणि तिनं ह्यांच्या पाठीवर हात मारला. हे दचकून वळले आणि हसून म्हणाले, "अरे, तू कधी आलीस?"

लूमवरच्या माणसाला कमी ऐकू येतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण माझ्या पोरीनं बापाला दोनदा हाक मारली आणि ती बापापर्यंत पोहोचली नाही, हे मला सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी ह्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर होते. त्यांनी कानाजवळ काहीतरी वाजवून पाहिलं, बराच वेळ तपासलं आणि शांतपणे सांगितलं, "कान पूर्ण गेलेला नाही. पण त्या आवाजातून बाहेर पडा. अजून काही वर्षं असंच चाललं तर मग माझ्याकडे त्यावर औषध नाही."

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर हे म्हणाले, "लूमवाल्याले कान कसाले लागतस? डोळे पाहिजेत. धागा तुटलेला दिसला म्हणजे झालं."  घरी येऊन जेवण झाल्यावर मी म्हटलं, "लूम सोडा."

"आणि खायचं काय?"

"भाकरी."

हे हसले. मीही हसले, पण मी ते गमतीनं म्हटलेलं नव्हतं. मग हे गंभीर होऊन म्हणाले, "तुझ्या भाकरीवर घर चालायचं नाही. लेकरू आहे, भाडं आहे, गावाला पाठवायचं असतं."

"आज चालणार नाही हे मलाही कळतं," मी म्हटलं. "पण एक दिवस चालेल. तेव्हा तुम्ही सोडायचं. एवढं कबूल करा."

त्यांनी कबूल केलं. तो दिवस येणार नाही अशी त्यांची खात्री असावी, म्हणून पटकन कबूल केलं. पण माझ्या बियाण्याला त्या दिवसापासून शेत मिळालं. मी ज्वारीसोबत कळण्याची भाकरी सुरू केली, उडीद आणि ज्वारी एकत्र दळून. तिला लोक जास्त पैसे आनंदानं द्यायचे, कारण तिच्या वासानं त्यांना घरची चूल आठवायची. नवी साडी मी घेतली नाही असं नाही, पण बियाणं काढल्यानंतर उरलं त्यातून घेतली. दिवाळीला गावी गेलो तर परत आल्यावर खाडा भरून काढायची.

चौऱ्याण्णव साली गणपतीच्या आधी मावशी बांधकामाच्या परांचीवरून घसरल्या. पाय मोडला, प्लास्टर चढलं. त्या खोलीत पडून होत्या आणि मी त्यांचं बघत होते, तेवढ्यात शहरात प्लेग आला.

त्या दिवसांत जे सुरतेत होते त्यांना वेगळं सांगायला नको. एका दिवसात चाळीचे रंग बदलले. लोक तोंडाला रुमाल बांधून, बोचकी डोक्यावर घेऊन स्टेशनकडे निघाले. समोरची खोली पहिल्यांदा रिकामी झाली. माझ्या भावानं एका ट्रकवाल्याबरोबर निरोप पाठवला, "ताबडतोब या." ह्यांनी बोचकं बांधलं. मुलीला काखेत घेऊन मी मावशींचा निरोप घ्यायला गेले.

"जा बायांनो," त्या म्हणाल्या. "माझ्याजवळ पाण्याचा हंडा भरून ठेवा, अन् पोळपाटावर चार भाकरी. मी पडून ऱ्हाते. मला काय होतंय?"

हे दारात उभे राहून ऐकत होते. काय ऐकू आलं आणि काय नाही कोण जाणे, पण मावशींचा चेहरा त्यांना दिसत होता. ते आमच्या खोलीत गेले, आणि मी मागून गेले तेव्हा बोचकं सोडत बसले होते. 

"मावशी आणि पोर, दोघींना उचलून गाडीत चढता येणार नाही मला," ते म्हणाले. एवढंच.

भीती वाटली. खूप वाटली. मुलीच्या अंगाला मी दिवसातून कितीदा हात लावून बघत होते याचा हिशोब नाही. सरकारी माणसांनी दिलेल्या गोळ्या आम्ही घेतल्या, पाणी उकळून प्यायलो, खोली धुऊन काढली. गिऱ्हाईक एकही नव्हतं. कारखाने बंद, पगार बंद. पण पोस्टात बियाणं होतं आणि घरात ज्वारीची पोती होती. त्या रिकाम्या शहरात आमच्या घरी चूल कशी पेटेल ही काळजी मात्र आम्हाला नव्हती. चाळीतून पळालेली कितीतरी माणसं प्लेगच्या भीतीनं जितकी पळाली तितकीच रिकाम्या डब्याच्या भीतीनंही पळाली होती, हे मला तेव्हा दिसलं.

आणि लूम थांबले. उधन्याचा तो आवाज मी आले त्या दिवसापासून थांबलेला कधी ऐकला नव्हता. तो नवागामपर्यंत दूरच्या गाडीसारखा सतत येत असायचा. आता सगळं गप्प झालं. असे काही दिवस गेले. एका दुपारी हे जेवता जेवता थांबले आणि वर बघायला लागले.

"ते काय वाजतंय?"

"काय?"

"वर. टकटक."

मी कान दिला. "पत्र्यावर कबुतरं चालताहेत."

ते बराच वेळ घास हातात धरून वर बघत राहिले. मुलीला काय सुचलं कोण जाणे, ती कोपऱ्यात जाऊन हळूच म्हणाली, "पप्पा." हे वळले. ती दुसऱ्या कोपऱ्यात गेली आणि आणखी हळू म्हणाली. हे पुन्हा वळले. तिला तो खेळच वाटला. माळ्याखाली लपून, पिंपामागून, दाराआडून ती हाका मारत राहिली आणि हे दरवेळी बरोबर तिच्याकडे वळत राहिले. भिंतीपलीकडून मावशींनी विचारलं, "काय चाललंय गं तिकडं?" त्याही हळूच बोलल्या होत्या. तरी ह्यांनीच उत्तर दिलं, "मावशी, मला ऐकू येतंय."

महानगरपालिकेच्या सफाईवाल्यांच्या टोळ्या आमच्या गल्लीत आल्या त्या त्यानंतर. ट्रॅक्टर भरभरून कचरा निघाला, गटारं उपसली गेली, कडेनं पांढरी पावडर पडली. वर्षानुवर्षं साचलेलं ते सगळं उचलताना ही माणसं भर उन्हात राबत होती, आणि हॉटेलं बंद असल्यामुळे त्यांना खायला कुठेच काही मिळत नव्हतं. एका सकाळी पहिली भाकरी मी गल्लीच्या तोंडाशी पावडर टाकणाऱ्या माणसाला दिली. तो गुजराती होता. त्यानं तिथेच उभ्यानं खाल्ली आणि बोटं चाटली. दुपारी त्यांचा मुकादम आला. "बेन, अमारा माणसो माटे रोटला बनावशो? पैसा आपीशुं." आमच्या माणसांसाठी भाकऱ्या कराल का, पैसे देऊ, असं.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे दुसरी शेगडी बाहेर काढायला लागले होते. त्या आठवड्यांत आम्ही दोघं समोरासमोर बसून थापायचो, आणि मावशी पाय लांब करून बाजेवरूनच पीठ मळून द्यायच्या. लूमवर धागा सांधून तयार झालेली ह्यांची बोटं आता पिठात अशी चालायला लागली की माझ्या आधी त्यांची परात रिकामी व्हायची. शहर स्वच्छ होत गेलं. मी आले तेव्हा ज्या गल्लीतून नाकाला पदर लावून जायची, तिथे मुलगी अनवाणी खेळायला लागली.

दिवाळीनंतर माणसं परतली, लूम सुरू झाले. ह्यांच्या कारखान्याचे मास्तर एका सोबत्याला घेऊन चाळीत आले. कारागीर कमी पडत होते, म्हणून स्वतः आले होते. मी चहा केला.

"चाल भाई," मास्तर म्हणाले. "तुझे लूम तुझी वाट बघताहेत. शेठनी सांगितलंय, तुला जास्त देतील."

हे शेगडीजवळ बसले होते. त्यांनी मला विचारलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "मास्तर, मी येत नाही."

"का? दुसरीकडे लागलास?"

"नाही. घरचंच काम आहे."

मास्तरांनी मला, शेगडीला, पिठाच्या पोत्याला बघितलं. उठून बाहेर पडले, आणि गल्लीत पाठमोरे चालता चालता सोबत्याला हळू आवाजात म्हणाले, "हवे आ रोटला टीपशे." आता हा भाकऱ्या थापत बसणार, असं.

हे आतून म्हणाले, "हा मास्तर, टीपीश. गरम जोईए तो आवजो." हो, थापीन, गरम हवी असेल तर या, असं.

मास्तर जागच्या जागी थांबले. वळून त्यांनी ह्यांच्याकडे असं काही बघितलं की मला आजही हसू येतं. वर्षानुवर्षं ते ह्या माणसाशी खांद्याला धरून, कानात ओरडून बोलत आले होते. मग तेही हसले, मान हलवली आणि गेले. पुढच्या आठवड्यापासून त्यांच्या घरी आमच्या भाकऱ्या जायला लागल्या.

पुढची वर्षं सोपी होती असं मी म्हणणार नाही. ह्यांचा ठरलेला पगार गेला होता. काही महिने बियाणं काढताना हात जड व्हायचा, एवढंसंच निघायचं. पण निघायचं. हे सायकलला मोठी टोपली बांधून, भाकऱ्या फडक्यात गुंडाळून, दुपारी उधन्यातल्या कारखान्यांच्या दारांत जायचे. मावशींचा पाय बरा झाला, पण विटा वाहण्याजोगा राहिला नाही. त्यांना आयुष्यात प्रथमच बसून करायचं काम मिळालं आणि कमाईत वाटाही. मग चाळीतल्या आणखी दोघी आल्या, मग आणखी काही. उधन्यात एक छोटासा गाळा भाड्यानं घेतला, तेव्हा भाकऱ्यांसोबत ठेचा आणि वांग्याचं भरीतही ठेवायला लागलो. शहराबाहेरच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांतून डब्यांच्या मागण्या यायला लागल्या.

प्रत्येक नव्या बाईला मी पहिल्या दिवशी पोस्टात नेऊन तिच्या नावाचं खातं उघडायला लावायची. आणि प्रत्येकीनं तिची पहिली भाकरी तिच्या मनाला येईल त्याला द्यायची, मी विचारणार नाही. एक तरुण मुलगी होती, हिशोबात हुशार. ती म्हणाली, "काकू, रोज एवढ्या भाकऱ्या वाटल्या तर वर्षाला किती तोटा होतो माहीत आहे?"

माझ्या आधी मावशीच म्हणाल्या, "पोरी, मी आधी घेणारी व्हते. म्हणून सांगते, वाटायला बसल्यावर हात आकसत न्हाई. रोज वाटून बघ, मंग सांग."

तिनं वाटून बघितलं. पुन्हा कधी विचारलं नाही. दिलं की परत येतंच असं काही मी तिला सांगितलं नव्हतं, कारण ते मलाच ठाऊक नाही. एवढंच ठाऊक आहे की ज्या दिवशी पहिल्या प्रथम कुणाला तरी दिलेलं असतं, त्या दिवशी आपल्याकडे काही कमी आहे असं वाटत नाही. आणि कमी आहे असं न वाटणारा माणूस शांत डोक्यानं धंदा करतो.

डिंडोलीकडे आम्ही स्वतःचं घर घेतलं. गावाला पैसे पाठवायचे तेव्हा आता हे महिन्याची तारीख बघत नव्हते. मुलीला तापात घेऊन बसायचं असलं तर ह्यांना कुणाची रजा मागावी लागत नव्हती. एकदा उन्हाळ्यात आम्ही गाळा पूर्ण आठवडा बंद ठेवला, सगळ्या बायकांना त्या आठवड्याचे पैसे दिले आणि शिरपूरला जाऊन आंब्याखाली नुसतं लोळून आलो. परत आल्यावर गिऱ्हाइकं रागावली, पण आली सगळी.

पण मला सगळ्यात मोठा वाटतो तो दिवस मावशींचा. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या घरांच्या विटा वाहिल्या होत्या. स्वतःच्या बियाण्यातून त्यांनी आमच्या डिंडोलीच्याच गल्लीत जागेचा एक तुकडा घेतला आणि त्यावर खोली बांधायला काढली. बांधकाम चालू असताना त्या रोज संध्याकाळी काठी टेकत जायच्या आणि मजुरीच्या बायकांसाठी भाकऱ्या न्यायच्या. त्यांना बसवून, पाणी देऊन, खायला लावायच्या. मिस्त्री कुरकुरायचा की काम खोळंबतं. "खोळंबू दे," मावशी म्हणायच्या. "घर माझं हाय."

वास्तुशांतीच्या दिवशी आमच्या गाळ्यावरच्या सगळ्या जणी नव्या साड्या नेसून आल्या. ह्यांनी सकाळपासून स्वतः पुरणपोळ्या लाटल्या, कुणालाच हात लावू दिला नाही. परभणीहून मावशींची बहीण आली होती, ती दारातच उभी राहून भिंतीवर हात फिरवत होती. पूजा झाली. पंगत गल्लीत मांडली होती, म्हणून सगळे बाहेर आलो. मावशी मागे राहिल्या. त्यांनी कमरेची किल्ली काढून दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं. मग उघडलं. आत डोकावून पाहिलं. पुन्हा लावलं.

"मावशी, पंगत थांबलीये," मी म्हटलं.

"थांबू दे गं माय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा एकदा कुलूप उघडलं.